दादांचा वस्तरा

आमच्या घरी वडिलांच्या वडिलांना दादा म्हणत. दादा गेले 1984 साली. त्यांच्या लोखंडी पेटीतून जे काही निघालं ते भावंडांत वाटलं गेलं आणि माझ्या वाट्याला आला एक वस्तरा. काळ्या शिंगाच्या मुठीचा, घडी घालता येणारा. पात्याच्या मुळाशी चांदणी आणि क्रॉसची खूण, खाली जोसेफ रॉजर्स अँड सन्स, शेफील्ड, आणि आपण राजेसाहेबांचे कटलर असल्याची बढाई. राणीचे नाही, राजाचे. म्हणजे व्हिक्टोरिया गेल्यानंतरचा, 1901 नंतरचा माल. घरातली कथा अशी की दादांचे वडील मराठा पलटणीत होते आणि पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या बाजारात त्यांनी तो घेतला. मराठा पलटणींत त्या काळी दख्खनी मुसलमानांची भरती होत असे आणि यातल्या काही पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, हा इतिहास आहे. बाजाराची गोष्ट मात्र घरची आहे, तिला मी हात लावत नाही.

आम्ही मुलाणी. गाव कराड तालुक्यातलं, मसूरच्या बाजूचं. मशिदीची देखभाल आणि गावजत्रेत बकरं हलाल करणं हे आमचं पिढीजात काम. आमच्याकडे सुरी आणि न्हाव्याकडे वस्तरा. दोघेही बलुतेदार, दोघांनाही सुगीला खळ्यावरून धान्य मिळायचं, दोघांचंही हत्यार धारेचं. तरी दादांकडे स्वतःचा वस्तरा होता आणि शुक्रवारी सकाळी तो फडक्यात गुंडाळून ते न्हाव्याकडे जात, हे मी लहानपणी पाहिलेलं आहे. दादांना दाढी होती. वस्तरा लागायचा तो गालावरचं खत काढायला आणि डोकं करायला. न्हावी आपल्या धोकटीतून वाटी काढी, नराणी काढी, पण वस्तरा दादांचाच वापरी. घरात याचं कारण एकच सांगितलं जाई: दादा पाकीचे फार काटेकोर, शिवाय शौकीन माणूस.

तो वस्तरा मी छत्तीस वर्षं नुसता जपून ठेवला. मग 2020 चा लॉकडाऊन आला. सलूनं बंद झाली. जूनच्या 28 तारखेला महाराष्ट्रात ती उघडली तेव्हाही परवानगी होती केस कापायची, दाढीची नव्हती. साताऱ्यात मी ज्या दुकानात जातो तिथला कारागीर बिजनौरकडचा सलमानी मुलगा. तो मार्चमध्येच गावी निघून गेला होता. एप्रिलमध्ये व्हॉट्सॲपवर मुसलमान भाजीवाल्यांबद्दल काय काय फिरत होतं ते वाचकांना आठवत असेल. तो गेला ते बरंच झालं असं तेव्हा वाटलं. घरात बसून दाढी वाढली, आणि एका दुपारी मी पेटी उघडली.

वस्तऱ्याने स्वतःची दाढी करणं हे काय प्रकरण आहे हे केल्याशिवाय कळत नाही. पहिली अडचण धारेची. दगडावर धार लावली म्हणजे काम झालं असं नाही. नंतर चामड्याच्या पट्ट्यावर पातं फिरवावं लागतं. सुरी आपण धारेच्या दिशेने घासतो, पट्ट्यावर वस्तरा उलटा चालतो: पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचलं की पाठीवर पलटायचं, धारेवर नाही. धारेवर पलटलं की पट्टाही गेला आणि धारही गेली. मी पहिल्या आठवड्यात एक जुना कमरपट्टा असाच कामातून घालवला. दुसरी अडचण कोनाची. पातं गालाशी साधारण तीस अंशांत धरायचं. जास्त आडवं झालं तर केस ओढले जातात, जास्त उभं झालं तर कातडी निघते. दाब द्यायचाच नाही. वजन वस्तऱ्याचं, आपलं नाही. दुसऱ्या हाताने कातडी ताणायची, आणि उजव्या हाताने डावा गाल करताना आपलाच हात आपल्या डोळ्यांसमोर येतो. हनुवटीखाली तर केस कुठल्या दिशेने उगवतात हे बोटांनी चाचपून शिकावं लागतं. गरम पाणी, साबणाचा भरपूर फेस, शेवटी तुरटी. आणि नंतर पातं कोरडं करून खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं, नाहीतर साताऱ्याच्या पावसात दोन दिवसांत गंज.

महिनाभर मी रोज कापून घेत होतो. बायको म्हणाली, हे काय वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी आरंभलंय. तिचं खरं होतं. पण त्याच दिवसांत मला एका मुलीची आठवण झाली. कापून घेण्याची ही शिकवणी तिने दुसऱ्याच्या डोक्यावर केली होती, शौकासाठी नव्हे. तिच्याकडे येण्याआधी मला थोडं शब्दांबद्दल बोलायचं आहे, कारण शब्दांत आमचाही वाटा आहे.

वस्तरा हा फारसी उस्तुऱ्याचा मराठी अवतार. हजामत अरबी. तिचा मूळ धातू हिजामाचा, म्हणजे तुंबडी लावून रक्त काढण्याचा. तुंबड्या लावणारा तो हज्जाम, आणि ज्याच्या हातात पातं त्याच्याकडेच पुढे केस, दाढी, नखं, गळवं आणि सुंता ही कामं गेली. मराठीने शब्द घेतले आणि त्यांच्यावर आपला संसार थाटला. बिनपाण्याने हजामत करण्याची सोय अरबीत नसावी. हदीसमध्ये अबू तैबा नावाच्या हज्जामाचा उल्लेख येतो. तो गुलाम होता. प्रेषितांना त्याने तुंबडी लावली, तेव्हा त्यांनी त्याला एक साअ धान्य मजुरी दिली आणि त्याच्या मालकांना त्याच्यावरचा वसूल कमी करायला सांगितलं. लहानशी गोष्ट आहे. उत्तरेतले हज्जाम स्वतःला सलमानी म्हणवतात ते सलमान फारसी या सहाबींच्या नावावरून. असं मोठं नाव शोधावं लागलं, यातच काय ते आलं. 'इस्लाममध्ये जात नाही' हे वाक्य आपण व्यासपीठावरून म्हणतो आणि मुलीचं स्थळ बघताना विसरतो. इतर मागासवर्गीयांच्या यादीत न्हाव्यांच्या शेजारी सलमानी आणि हजामही आहेत, ते उगाच नाहीत.

गावात मात्र आमचा न्हावी हिंदू होता. बाळ सात दिवसांचं झालं की अकीक्याला तोच यायचा. काढलेल्या केसांच्या वजनाइतकी चांदी, किंवा तिची किंमत, दान करायची असते; ती जमवाजमव आमच्याकडे, वस्तरा त्याचा. शेजारी मराठ्यांच्या घरी तेच जावळ म्हणून व्हायचं. मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात दोन्हीकडचे लोक मुलांना घेऊन जात. प्रतापगडावर सय्यद बंडाचा वार अडवणारा जिवा महाला हाही न्हाव्याचाच, हे आमचा न्हावी दादांना अधूनमधून ऐकवी, आणि त्याच भेटीला महाराजांच्या बरोबर सिद्दी इब्राहिमही होता हे दादा त्याला ऐकवत. दोघांची ती जुनी जुगलबंदी होती. असं सगळं गोडीगुलाबीचं चित्र माझ्या डोक्यात होतं, आणि मी ते दोन-तीन लेखांत लिहिलंही आहे.

आता ती मुलगी. बाबासाहेब आंबेडकरांचं बालपण साताऱ्यात गेलं. त्यांचे वडील सुभेदार रामजी निवृत्तीनंतर इथे राहिले. आई भीमाबाई इथेच 1896 साली वारल्या. 7 नोव्हेंबर 1900 रोजी त्यांचं नाव राजवाड्यातल्या सरकारी शाळेत घातलं गेलं, तीच आजची प्रतापसिंह हायस्कूल. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचं छोटंसं आत्मकथन 1935-36 च्या सुमाराचं, पुस्तिका म्हणून छापलं गेलं 1990 मध्ये. त्यात साताऱ्याच्या घरातल्या दोन कामांचा उल्लेख आहे. कपडे धुणं बहिणी करत, आणि मुलांचे केस कापणं, डोकी करणं हे थोरली बहीण करी. शहरात धोबी होते, न्हावी होते, घरात पैसेही होते. पण अस्पृश्याचे कपडे धुणारा धोबी नव्हता आणि अस्पृश्याच्या डोक्याला हात लावणारा न्हावी नव्हता. भावांवरच सराव करून करून ती बहीण चांगली तयार झाली होती, असं ते जवळजवळ कौतुकाने सांगतात.

मी तो परिच्छेद पूर्वी पाच वेळा वाचला असेल आणि दर वेळी पुढे गेलो असेन, कारण पुढे मसूरच्या प्रवासाची गोष्ट येते आणि ती आमच्या भागातली. हातात वस्तरा धरल्यावर मात्र मी त्या परिच्छेदापाशी थांबलो. त्या काळात मुलांची डोकी होत ती वस्तऱ्याने. मला आरशासमोर, माझ्याच गालावर, गरम पाणी आणि फुरसत हाताशी असताना महिना लागला. तिच्यासमोर चुळबुळ करणारा लहान भाऊ होता, आणि डोकं गालासारखं सपाट नसतं. कानामागे वळसा आहे, टाळूवर भोवरा आहे. तिला कोणी शिकवलं नसणार. शिकवणारे सगळे नकार देणाऱ्यांतले.

मसूरची गोष्टही इथे सांगायला हवी, कारण तिच्यात आपण आहोत. 1901 साली भीमराव, त्यांचा भाऊ आणि भाचे वडिलांना भेटायला साताऱ्याहून रेल्वेने निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. निरोप न पोचल्यामुळे घ्यायला कोणी आलं नव्हतं. स्टेशनमास्तर आधी प्रेमाने बोलला आणि मुलं महारांची आहेत हे कळताच पाच पावलं मागे झाला. बैलगाडीवाल्यांनी नेण्यास नकार दिला. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही गाडी मुलांनी हाकायची आणि आपण बाजूने चालायचं या अटीवर. रात्री टोलनाक्यावर पाणी मागायचं होतं. महार म्हटलं तर मिळणार नाही, म्हणून मुसलमान आहोत असं सांगायचं ठरलं. भीमराव उर्दू बोलला, चांगली बोलला. पाणी तरीही मिळालं नाही. तहानलेल्या नऊ-दहा वर्षांच्या पोराला सुटकेची वाट म्हणून आमची ओळख आठवली, हे वाचून मला पूर्वी बरं वाटायचं. त्याच पुस्तिकेत पुढे 1934 सालचा दौलताबादचा प्रसंग आहे. रमजानचा महिना. बाबासाहेबांच्या सोबतच्या काही लोकांनी किल्ल्यापाशी हौदाच्या पाण्याने तोंड आणि पाय धुतले, आणि हौद बाटवला म्हणून शिव्या देत धावून आले ते मुसलमान होते. हा प्रसंग आपल्याकडच्या भाषणांत फारसा येत नाही. पाण्याचा टोलनाका येतो.

म्हणून ते साताऱ्याचं वाक्य मी पुन्हा वाचलं. त्यात हिंदू न्हावी असं म्हटलेलं नाही. कोणताच न्हावी नाही, असं आहे.

आणि तरीही नकार हा या धंद्याच्या हातातला एकाच जातीचा नव्हता. कराडजवळ टेंभू हे गाव आहे. टेंभू म्हटलं की आता आमच्या सातारा-सांगलीकडे उपसा सिंचन योजनाच आठवते, पण गोपाळ गणेश आगरकर 1856 साली तिथे जन्मले. 1888 मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला आणि विधवांच्या केशवपनावर सडकून लिहिलं. खटाव तालुक्यातलं कटगुण हे जोतीराव फुल्यांचं मूळ गाव. त्यांनी 1863 साली पुण्यात फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. लेखणी आणि आश्रय दोन्ही झाले. पण केशवपनात प्रत्यक्ष वस्तरा फिरवणारा माणूस न्हावी होता, आणि त्याला कोणी विचारत नव्हतं. त्याच्याकडे गेले ते सत्यशोधक. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरलं. गिरणी कामगारांची संघटना बांधणारा माणूस हा. संप म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं. ज्या कामाने पोट भरतं ते काम नाकारायचं, तेही वरच्या जातीच्या यजमानाच्या घरचं, याला केवढी छाती लागली असेल.

या दोन गोष्टी मला शेजारी ठेवता येत नाहीत आणि दूरही करता येत नाहीत. 1890 मध्ये मुंबईत न्हावी म्हणाले, या डोक्याला वस्तरा लावणार नाही, आणि तो माणुसकीचा विजय होता. दहा वर्षांनी साताऱ्यात न्हावी म्हणत होते, या डोक्याला वस्तरा लावणार नाही.

पुढचा इतिहास पात्यांचा आहे आणि तो थोडक्यात सांगता येतो. 1904 साली जिलेटला अमेरिकेत बदलत्या पात्याच्या रेझरचं पेटंट मिळालं. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे पात्यांचे कारखाने निघाले, ठाण्याची सुपरमॅक्स घराघरांत पोचली आणि ज्याला परवडलं तो आपली दाढी आपण करू लागला. न्हाव्याकडचा वस्तरा त्यातूनही टिकला होता. त्याला घालवलं एड्सच्या भीतीने. मी नव्वदच्या दशकात सांगलीला नोकरीला होतो. संग्राम ही संस्था 1992 पासून तिथल्या वेश्यावस्तीत काम करत होती, आणि आजाराची चर्चा दुकानादुकानांत होती. एका वर्षभरात सलूनच्या भिंतींवर 'प्रत्येक गिऱ्हाइकाला नवीन ब्लेड' अशा पाट्या दिसू लागल्या. जुने वस्तरे खोक्यात गेले आणि अर्धं ब्लेड मोडून अडकवायचा नवा वस्तरा आला. एका माणसाला लावलेलं पातं दुसऱ्याला नको, ही मागणी त्यामुळे एकदम रास्त झाली. मी स्वतः गिऱ्हाईक म्हणून ती करत होतो. ती फार जुनी मागणी आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

ते लक्षात आलं 2020 च्या दिवाळीत. माझ्या हाताने लावलेली धार काही जमेना, म्हणून वस्तरा घेऊन गावी गेलो. दादांचे खत काढणाऱ्या न्हाव्याचा मुलगा आता ऐंशीच्या पुढे आहे. नाना म्हणतो मी त्यांना. दुकान नातवाकडे आहे, नाना ओट्यावर असतात. वस्तरा हातात घेताच त्यांनी ओळखला.

"ह्यो तुमच्या आज्याचा. बसऱ्याचा."

त्यांनी दगड मागवला, पाणी घातलं आणि हळूहळू घासायला लागले. डोळ्यांनी कमी दिसतं, म्हणून अंगठ्याच्या नखावर धार तपासत होते. मी बसल्या बसल्या बाबासाहेबांच्या बहिणीची गोष्ट सांगितली. ते ऐकत होते. मग मी विचारलं, "नाना, आपल्या गावात महारवाड्यातल्या लोकांची करायचं का कोण?"

"बा न्हाय करायचा. मी केली. पर गावात न्हाय, कराडात, स्टँडावरच्या दुकानात. तिथं कोन कुनाला वळकतंय?"

"कधीची गोष्ट?"

"चौसष्ट-पासष्ट. मग गावात कळलं."

"मराठे बोलले असतील."

नानांनी वस्तरा पालथा केला आणि दुसरी बाजू घासायला घेतली. "बोलले की. समदेच बोलले. तुमचं आजं तर त्याच्या आधीपास्नंच आपला वस्तरा आनायचं. बा म्हनायचा, मुलान्यास्नी वाटतं मी कुठं कुठं हात लावून येतो म्हून. बा कुठं जात न्हवता, पर त्यांचा इस्वास न्हवता."

मी काही बोललो नाही. मसूर स्टेशन तिथून फार लांब नाही, गाडी गेलेली ऐकू येते. नाना म्हणाले की त्यांच्या बापाला या गोष्टीचा राग होता. महारांना शिवत नाही हे सांगूनही मुलाणी विश्वास ठेवत नाही, याचा राग. मग ते स्वतःच हसले.

धार लावून झाल्यावर त्यांनी आपल्या मनगटावरचे चार केस काढून दाखवले. मी पैसे पुढे केले तर त्यांनी घेतले, मोजले आणि दहाची एक नोट परत दिली. मी वस्तरा फडक्यात गुंडाळायला लागलो तेव्हा म्हणाले, तेल लावा आधी, पाणी ऱ्हायलंय मुठीत.

दादा पाकीचे काटेकोर होते, हे आमच्या घरात अजूनही सांगतात. गेल्या वर्षी चुलत्यांनी माझ्या मुलालाही सांगितलं. मी तिथेच बसलो होतो. मी त्याला नानांनी जे सांगितलं ते त्याच संध्याकाळी सांगितलं, चुलत्यांच्या समोर. चुलते उठून मगरिबच्या नमाजाला गेले. मुलाने विचारलं, मग तू हा वस्तरा अजून वापरतोस कसा? आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, मी अजूनही वापरतो. बाकीचे दिवस साधं ब्लेड.